पाणीवाल्या बाईंची गाठ

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा झाला. त्यातला बराचसा आमच्या ह्यांना ठाऊक होता, थोडा सुनेला ठाऊक आहे, आणि एक मात्र मी घरात कुणाला कळू दिला नाही. तो आज सांगून टाकते. बारा-तेरा वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात एक बारीक नळी बसवली होती. ती मी तिसऱ्या आठवड्यात, घरी, आरशासमोर उभं राहून, दोरा तोडायच्या कात्रीने कापली.

हसू नका. मी टाकव्याची शिवणकाम करणारी बाई. उभा जन्म ब्लाऊज शिवण्यात गेला. लोंबता दोरा दिसला की माझा हात माझं ऐकत नाही. भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवऱ्यामुलाच्या फेट्याचा दोरा मी तोडलेला आहे, आणि अक्षता त्यानंतर टाकल्या आहेत. एसटीत पुढच्या सीटवरच्या परक्या बाईच्या पाठीवरचा दोरा तोडला म्हणून तिचा नवरा माझ्या अंगावर आला होता. तेव्हा स्वतःच्या डोळ्यातून काहीतरी लोंबताना दिसल्यावर मी गप्प बसेन, ही अपेक्षाच चुकीची. पण ती अपेक्षा एका माणसाने माझ्याकडून केली होती, आणि तो माणूस साधा नव्हता. म्हणून हे लिहायला बसले.

बाईंचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. तशीही त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं. कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत सगळे ‘पाणीवाल्या बाई’ म्हणायचे, कारण ज्याच्या डोळ्यातून सारखं पाणी येतं त्याला लोक त्यांच्याकडे पाठवायचे. आता त्या लेकीकडे परदेशी असतात. दवाखान्याच्या जागी पर्यटकांना खोल्या मिळवून देणारं ऑफिस आहे आणि बाहेर झिपलाइनचा फलक आहे.

माझा डावा डोळा पन्नाशीनंतर गळायला लागला. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दिवसभर गालावर ओघळ. शेजारणी यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, “सोसायचं बाई, आपलीच सून हाय,” म्हणायच्या. सूनबाई नवी होती, सहा महिने झाले नव्हते. मी रडत नाही, डोळा गळतोय, एवढं सांगायला माझ्या जिभेला काय झालं होतं? पण सांगितलं नाही. सहानुभूती फुकट मिळत होती आणि सोबत कुणी भाजणी आणायचं, कुणी पापड. अशी मी बाई होते. पुढे एका ब्लाऊजची डावी बाही उजवीकडे बसवली, आणि ते गिऱ्हाइकाने सांगितलं तेव्हा घाबरले. सुनेनेच मला जीपमध्ये घालून कान्ह्याच्या स्टेशनवर नेलं आणि तिथून गाडीने लोणावळ्याला.

बाई ठेंगण्या. साठीच्या आसपास, केस कापलेले, हात लहान मुलीसारखे छोटे. खुर्चीवर बसल्या की पाय जमिनीला टेकत नसत म्हणून खाली एक पाट ठेवलेला. त्यांनी माझा डोळा पाहिला, कोपऱ्यावर बोटाने दाबलं, पिवळट पू वर आला. थेंब घालून डोळा बधिर केला आणि पापणीच्या कडेला असलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकात बोथट सुई घालून पाणी सोडलं.

“घशात खारट लागलं?”

“नाही.”

“पाणी कुठं गेलं?”

“गालावर आलं की हो.”

“बरोबर. डोळ्यातून नाकात उतरायची वाट बंद झालीय. पाणी जास्त येत नाही तुम्हाला, जात नाहीये.”

मी आपली हुशारी दाखवली. “म्हणजे मोरी तुंबली म्हणा की.”

“मोरी म्हणू नका. ते तुमचं नाक आहे.”

हा त्यांचा स्वभाव. उपमा चालत नसे. कुणी डोळ्याला कॅमेरा म्हटलं, नळीला पाइप म्हटलं, की त्या थांबायच्या आणि शांतपणे दुरुस्त करायच्या. “जे आहे ते म्हणा. पाइप म्हटलं की तुम्हाला वाटतं प्लंबर बोलवू.” आणि दुसरं एक, “काही दुखणार नाही” हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. त्या म्हणायच्या, “दुखेल. कुठे आणि किती, ते सांगते.” आणि मग सांगितलं त्यापेक्षा रतीभरही जास्त दुखत नसे. शब्द इतका मोजून देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मला त्यांनी सगळं सांगितलं. औषधाने ही वाट उघडत नाही. नाकाच्या बाजूचं हाड थोडं कापून अश्रूंच्या पिशवीतून नाकात नवी वाट करायची. नाकातून दुर्बिणीने करतात, त्यात बाहेर वण राहत नाही. “ते मला येत नाही. पुण्याला चांगलं करणारे आहेत, चिठ्ठी देते. माझ्याकडे केलंत तर इथे बोटाच्या पेराहून छोटी खूण राहील, सहा महिन्यांत शोधावी लागेल.” स्वतःच्या तोंडाने ‘मला येत नाही’ म्हणणारी डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहत होते. तिथेच ठरलं, हिच्याचकडून करायचं. मग म्हणाल्या, “काहींची नवी वाटही पुन्हा बंद होते. मग दुसऱ्यांदा करावं लागतं, आणि दुसऱ्यांदा अवघड असतं. हे ऐकूनही करायचं असेल तर करा.”

बोलणं चालू असताना माझं लक्ष त्यांच्या टेबलाकडे. खणाच्या पितळी मुठीला काळे दोरे बांधलेले, पंचवीस-तीस तरी. मला वाटलं नवसाचे असतील किंवा दृष्टीचे. विचारलं.

“सराव आहे,” त्या म्हणाल्या. “नळीची टोकं नाकात बांधावी लागतात. तिथे अंधार असतो आणि माझी करंगळीसुद्धा नीट मावत नाही. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी दहा गाठी मारते. डोळे मिटून.”

“इतकी वर्षं झाली तरी?”

“हात विसरतो.”

त्या तपासण्यांची चिठ्ठी लिहायला वळल्या तेव्हा मी हळूच एका गाठीला नख लावलं. धंद्यातली माणसं ना आपण. काज-बटणं, हुक, पाठीवरच्या नाडीची लोंबणी, गाठींतच जन्म गेलेला. नख वाकलं, गाठ हलली नाही. दुसरीला लावलं. तीही तशीच. साठीला आलेली, एवढं नाव झालेलं, तरी ही बाई रोज सकाळी पहिलीतल्या पोरीसारखी दहा गाठी गिरवते, आणि मी? मी तर मशीनला तेल घालायचासुद्धा कंटाळा करायची. तिथं मला पहिल्यांदा कुणाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण त्यांनी तेही दुरुस्त केलं असतं.

त्याच दिवशी बाकड्यावर बेडशाची एक आजी बसली होती, मांडीवर पाच महिन्यांचा नातू, त्याचाही डोळा असाच गळणारा. काजळ गालापर्यंत आलेलं. आजी आत शिरल्या शिरल्या म्हणाली, “आप्रेशन करून टाका बाई, आमी तयारीनं आलोय.”

“तुम्ही तयारीनं आलात, पण याचं ऑपरेशन लागणार नाही बहुतेक. लहान मुलांची वाट वर्षभरात बरेचदा आपली आपण उघडते. तोवर इथे दाबायचं, असं, नाकाकडे खाली. एका वेळी दहादा, दिवसातून चारदा.”

“नुसतं दाबायचं? येवढ्यासाठी लोनावळ्याला आलो व्हय?”

“हात बघू.”

आजीने हात पुढे केला. नखं वाढलेली. बाईंनी खणातून नेलकटर काढला, आजीचं बोट आपल्या हातात घेतलं आणि तर्जनीचं नख स्वतः कापलं. मग घासून गुळगुळीत केलं. आजी तोंडाला पदर लावून बघत होती. तिच्या लेकीनेही तिचं नख कधी कापलं नसणार. मग बाई पुढे वाकल्या, स्वतःचा चष्मा काढला आणि म्हणाल्या, “आता माझ्या नाकाशी दाबा. नातवाला दाबणार तेवढं.”

“तुमच्या? न्हाई बाई, कसं दिसतंय ते.”

“दाबा. हे तर गोंजारलंत. अजून. अजून थोडं. हां, एवढं. हे बोटाला लक्षात ठेवायला सांगा. आणि काजळ बंद.”

“काजळ न्हाई घातलं तर दीठ लागंल की.”

“पायाच्या तळव्याला लावा. दीठ तिथूनही जाते.”

आजी खूश. मी बाहेरून हे सगळं उघड्या तोंडाने बघत होते.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं, साखर, बीपी, नाकाच्या डॉक्टरांनी नाक पाहिलं. आमच्या ह्यांची हृदयाची गोळी मी कधीमधी डोकं दुखलं की घ्यायची, हे सांगताना मला लाज वाटली. बरं झालं सांगितलं, ती रक्त पातळ करणारी होती. बाईंनी फक्त डोळे मिटले आणि उघडले.

टेबलावर मी जागीच होते, नुसती गुंगी. बधिर करायची सुई दुखली, सांगितली तेवढीच. नंतर त्या म्हणाल्या, “आता कट्‌ कट्‌ आवाज येईल. तुमच्याच हाडाचा आहे. घाबरायचं असेल तर आत्ता घाबरून घ्या, मी थांबते.” खरंच थांबल्या. मी घाबरून घेतलं. मग “झालं,” म्हणाले आणि आवाज सुरू झाला. दुखलं नाही, पण डोक्यात कुणी सुपारी कातरतंय असं वाटलं. (ही उपमा त्यांच्यासमोर केली नाही.) तासाभराने मला बाहेर आणलं तेव्हा नाकात औषधाची पट्टी कोंबलेली आणि तोंडाने श्वास. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. दोन दिवस नाकातून लालसर पाणी, डोळ्याखाली जांभळं, शेजारणींना वाटलं आता सुनेने हात उचलला. यावेळी मात्र मी खरं सांगितलं. अगदीच लाज सोडली नव्हती.

पथ्य लहान पण कडक. दोन उशांवर झोपायचं. दोन दिवस गरम चहा नाही. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. डोळा चोळायचा नाही. आणि नळी दोन-तीन महिने आत राहणार, नवी वाट मिटू नये म्हणून. वेळ आली की बाई ती दवाखान्यातच काढणार, एका मिनिटात. “गाठ घट्ट आहे, तोवर सुटणार नाही,” असा शब्दही त्यांनी दिला.

आठव्या दिवशी टाके काढायला गेले तर त्यांचा एक नियम माझ्यावर आला. ज्याचं ऑपरेशन झालंय त्याने बाकड्यावर बसून ज्याचं व्हायचंय त्याला सगळं सांगायचं, आणि मग त्या नव्या माणसाने आत जाऊन बाईंना ते म्हणून दाखवायचं. नीट म्हणता आलं तर तारीख मिळायची. माझ्या वाट्याला इंदुरीचे आबा आले. सत्तरीचे, शेतकरी, डोळ्याच्या कोपऱ्यात चिंचोक्याएवढी लाल गाठ, वरचेवर ठणकायची. नातीचं लग्न तीन महिन्यांवर होतं, आणि त्याआधी डोळा कोरडा हवा, नाहीतर कन्यादानाला लोक म्हणतील म्हातारा आत्तापासूनच रडतोय.

मी आबांना सांगायला बसले. आणि काय सांगू तुम्हाला, समोर ऐकणारं माणूस मिळालं की मला राहवत नाही. आबा आत गेले. दार अर्धं उघडं.

“मंग तुमी हातोडा घेनार,” आबा म्हणाले.

“हातोडा कुठून आला आबा?”

“टाकव्याच्या बाईनं सांगितलं. हातोडा, आन्‌ छन्नी.”

“सुमनबाई!” आतून हाक आली. मी उठून दारात. “हातोडा होता?”

“आवाजावरून वाटला,” मी म्हटलं.

त्या चिडल्या नाहीत. कपाटातून हाड कातरायचं ते अवजार काढलं, पक्कडीएवढंही नाही, पुढे बारीक चोच. आबांच्या हातात दिलं. शेजारचं लग्नाच्या पत्रिकेचं जाड पाकीट पुढे केलं. “कातरा.” आबांनी कातरलं. कट्‌. गोल तुकडा पडला. परत कातरलं. कट्‌. त्यांच्या तोंडावरची भीती उतरताना मला दिसली.

“आसं व्हय! मंग हे तर आमी बी करू.”

“तुम्ही नका करू. पण आवाज आता ओळखीचा झाला ना?”

“झाला. लय वंगाळ न्हाई.”

“मग पुढच्या आठवड्यात या आणि हातोड्याशिवाय सांगा.”

आबांना आठ दिवस वाया गेले, माझ्यापायी. हे पहिलं. दुसरं त्याहून मोठं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी शिंक आली. तोंड उघडून द्यायची, हे पाठ होतं; पण तोंडात चार टाचण्या होत्या. ब्लाऊजला पट्टी लावत होते. तोंड मिटून शिंकले. मग डोळ्यात काहीतरी टोचल्यासारखं वाटलं. आरशात पाहिलं तर कोपऱ्यात पारदर्शक नायलॉनसारखा एक फास बाहेर आलेला, पापणीवर लोळतोय. डोक्यात विचार यायच्या आत हात कात्रीकडे गेला. च्यक्‌. फास आत गेला आणि दिसेनासा झाला. तेव्हा कुठे डोकं जागं झालं. ती नळी होती. संध्याकाळी ती नाकातून हातात आली, टोकांना बाईंची काळी गाठ.

दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला गेले, पण नळी बटणांच्या डब्यात टाकून गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते.

“बाई, शिंकले आणि नळी आली.”

“कुठून?”

“नाकातून. सगळीच.”

“कुठे आहे?”

“टाकून दिली.”

मी तयारी केली होती ती त्यांच्या रागावण्याची. त्या म्हणाल्या, “गाठ सुटली असणार. तुम्हाला मी घट्ट गाठीचा शब्द दिला होता. माफ करा, सुमनबाई.”

पन्नास वर्षं ओलांडलेली बाई मी, कुणी माझी कधी माफी मागितली नव्हती. आणि मागितली ती अशी. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण आतून ती जुनीच, शेजारणींचे पापड खाणारी सुमन म्हणाली, गप बस, निभावलं. त्यांनी सुईने पाणी सोडलं, घशात खारट आलं. वाट अजून उघडी होती. “पण इतक्या लवकर नळी गेली, मिटूही शकते. दर आठवड्याला या.”

पुढच्या आठवड्याला गेले तर बाकड्यावर जागा नाही. सगळे नळीवाले. कुणी वडगावचं, कुणी मळवलीचं, ज्यांना दोन महिन्यांनी यायचं होतं तेही. आबा कोपऱ्यात बसलेले, हातात कागद.

“काय आबा, झालं का?”

“कुटलं. हातोडा काडून समदं नीट सांगितलं, तारीख बी मिळाली. आता फोन आला, फुडं ढकललं म्हून. बाईंच्या हाताला काय तरी झालंय म्हंत्यात.”

“कोण म्हणतं?”

“समदेच. गाठ सुटली कुनाची तरी. आमची म्हातारी म्हनती, पुन्याला जा. पर ह्या बाईनं मला हाड कातरून दावलंय, दुसऱ्याकडं कसा जाऊ मी?”

मंगल सिस्टर, बाईंकडे वीस वर्षं काम करणारी, औषध घालायला आली. तिला मी हळूच विचारलं. ती माझ्या कानाशी म्हणाली, “मॅडमनी सगळी ऑपरेशनं थांबवलीत. ज्यांच्या ज्यांच्या नाकात त्यांची गाठ आहे त्या सगळ्यांना बोलावून एकेक तपासतायत. सकाळी दहा गाठी मारायच्या ना, आता चाळीस मारतात. मी म्हटलं, मॅडम, शिंकेने येते कधीकधी. तर म्हणाल्या, माझी गाठ शिंकेने सुटायला नको, मंगल. सुटली असेल तर मी हे काम सोडायला हवं.”

माझा नंबर आला. दार उघडं होतं. बाई पाटावर पाय ठेवून बसल्या होत्या, डोळे मिटलेले, दोन्ही हात खणाच्या मुठीपाशी. मूठ काळ्या दोऱ्यांनी पार झाकली होती. त्या गाठ मारत होत्या, तोडत होत्या, परत मारत होत्या.

मी आत गेलेच नाही. मंगलला म्हटलं, उद्या येते. कान्ह्यापर्यंत गाडीत उभ्यानेच आले. वाटेत सारखं तेच: आबांची लाल गाठ, नातीचं लग्न, आणि बाकड्यावरचे सगळे ‘हाताला काय तरी झालंय’ म्हणणारे. हाताला काही झालं नव्हतं. माझ्या जिभेला झालं होतं. घरी जाऊन बटणांचा डबा उघडला. नळी तशीच, गाठीसकट. नख लावून पाहिलं. हलली नाही.

सकाळी पहिल्या गाडीने दवाखान्यात. मंगल अजून फरशी पुसून घेत होती. बाई नुकत्याच आल्या होत्या, चपला काढत होत्या. मी डबा टेबलावर ठेवला, नळी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. तोंडातून एवढंच आलं, “शिंकेने फास बाहेर आला. मग कापली मी. दोरा वाटला.”

बाईंनी दिवा ओढला, भिंग लावलं. गाठ पाहिली. चिमट्याने ओढली. परत ओढली. मग कापलेलं टोक पाहिलं.

“कशाने कापलीत?”

“दोरा तोडायच्या कात्रीने.”

“स्वच्छ कापलंय,” त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं, आणि यावेळी खरं. दोन्ही डोळ्यांतून. डाव्यातलं पाणी नाकात उतरत होतं आणि घशात खारट लागत होतं, हेही मला त्या रडण्यात कळत होतं. त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी माझ्या नाकाकडे एकदा बघून मान हलवली. मग पाटावर पाय नीट टेकवले आणि आपल्या छोट्या हातांकडे पाहिलं. मी उभीच. त्यांनी मंगलला हाक मारून सांगितलं, “इंदुरीच्या आबांना सोमवारची तारीख कळवा.” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या,

“सुमनबाई, तुमची गाठ घट्ट होती. पण तुमच्या थापेपायी मी सगळ्यांना परत बोलावलं, आणि त्यातल्या दोघांच्या गाठी खरोखरच सैल निघाल्या. त्या माझ्याच हातच्या; परत मारल्या, आता घट्ट आहेत. तेव्हा आधी कुणावर रागवायचं, ते मला ठरवू द्या. तोवर तुम्ही बाहेर बसा.”